अँटिगनीची बहीण

जुन्या कथेला नव्या नाटककारानें हात घातला कीं आपल्याकडे एक ठराविक तक्रार ऐकूं येते. आमच्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनांत मध्यंतराच्या वेळीं चहाचा पेला हातांत घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांच्या तोंडून ती मीं ऐकली आहे, कॉलेजांत सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि घरींही ऐकली आहे. "व्यासांनीं इतकें चांगलें लिहून ठेवलें आहे, त्यांत यांनीं ढवळाढवळ कशाला करावी? नवें सांगावयाचें असेल तर नवी गोष्ट रचावी. आयत्या बिळावर नागोबा कशाला?" ही तक्रार करणारीं माणसें अरसिक नसतात. जुन्या कथेवर त्यांचें प्रेम असतें, म्हणूनच तीं रागावतात. यासाठीं ही तक्रार हंसून उडवून न देतां तिचा नीट विचार करावा असें मला पुष्कळ दिवस वाटत आलें आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. त्या निमित्तानें ग्रीक नाटकें व त्यांवरून रचलेलीं आधुनिक नाटकें पुन्हा पुन्हा वाचावीं लागलीं. परंतु या प्रश्नाचें जें कांहीं उत्तर मला मिळालें, त्यांतलें निम्मेंच पुस्तकांतून मिळालें. उरलेलें घरांतून मिळालें.

पहिली गोष्ट ही कीं, जुन्या कथा कोणी एकानें कायमच्या ठरवून ठेवल्या होत्या ही समजूतच खरी नाहीं. ग्रीक लोकांचें पाहा. आगामेम्नॉन राजाचा त्याच्या राणीनें घात केला आणि पुढें मुलांनीं त्याचा सूड घेतला, ही कथा एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांनींही रंगभूमीवर आणली, व सुदैवानें तिघांचींही नाटकें आज उपलब्ध आहेत. कथा एकच, पण इलेक्ट्रा तीन निराळ्या. युरिपिडीसनें तर त्या राजकन्येचें एका गरीब शेतकऱ्याशीं लग्न लावून तिला झोपडीच्या दारांत आणून उभें केलें. ईडिपसचें पाहा. आपल्या हातून कोणाचा वध झाला आणि आपण कोणाशीं विवाह केला हें कळल्यावर सोफोक्लीसचा ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो व देशत्याग मागतो. होमरच्या काव्यांत मात्र तोच ईडिपस दुःख भोगीत थीब्सवर राज्य करीत राहतो. पु. ल. देशपांडे यांनीं 'राजा ओयदिपौस' या नांवानें मराठींत आणला तो सोफोक्लीसचा ईडिपस. होमरचा आणला असता तर नाटक निराळेंच झालें असतें.

आपल्याकडेही हेंच दिसतें. महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही न ओळखल्यासारखें करतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि अंगठी मध्यें घालून त्याला त्या दोषांतून सोडविलें. भासाच्या 'ऊरुभंगां'त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाकडे त्याचा लहान मुलगा येतो आणि नेहमींप्रमाणें मांडीवर बसूं पाहतो, पण बापाला त्याला मांडीवर घेतां येत नाहीं. व्यासांच्या खलपुरुषाला भासानें असें बापाचें दुःख दिलें. तेव्हां ढवळाढवळीचा आरोप करावयाचाच असेल तर त्याचा आरंभ भास-कालिदासांपासून करावा लागेल.

मग प्रश्न उरतो तो इतकाच कीं, ही ढवळाढवळ कशासाठीं करावयाची? माझ्या मतें तिचीं मुख्य कारणें दोन आहेत. पहिलें कारण मुखवट्याचें. जें उघड बोलतां येत नाहीं, तें पुराणांतल्या माणसाच्या तोंडीं घालावयाचें. १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आलें. विराटाच्या राज्यांत माजलेला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, धीर धरावयास सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हें प्रेक्षकांपैकीं कोणालाही समजावून सांगावें लागलें नाहीं. सरकारलाही तें समजलें, आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली. ज्याँ-पॉल सार्त्र यानें जर्मनांच्या ताब्यांत असलेल्या पॅरिसमध्यें १९४३ सालीं 'माश्या' हें नाटक केलें, त्यांतही हीच युक्ति आहे. ऑरेस्टिसच्या कथेंतील आर्गॉस नगर त्यानें सदैव पश्चात्तापांत बुडालेलें दाखविलें, आणि त्या नगरांत पराभूत फ्रान्सचें चित्र पाहणाऱ्यांनीं पाहिलें. या नाटकाच्या प्रयोगाला जर्मन अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली होती. आपल्याकडच्या साहेबाची नजर अधिक तीक्ष्ण होती असें म्हणावें लागतें. मुखवट्याचें हें काम लहान नव्हे. परंतु मुखवट्याचें आयुष्य राज्यकर्त्याच्या आयुष्याएवढेंच असतें. आज 'कीचकवध' शिकविणाऱ्याला कर्झन कोण हें आधीं सांगावें लागतें.

दुसरें कारण मला अधिक खोल वाटतें. वीरकथा ही स्वभावतःच जमेच्या बाजूनें लिहिलेली वही असते. ट्रॉय पडलें, दैत्य मारला, प्रतिज्ञा पुरी झाली, वचन पाळलें, या सर्व रकमा तींत ठळक अक्षरांत असतात. हें सगळें घडत असतां खर्च कोणाच्या नांवें पडला, तें पान जुना कवि अनेकदां नुसतें चाळून पुढें जातो. आधुनिक नाटककार तेंच पान उघडून बसतो. युजीन ओनील या अमेरिकन नाटककारानें १९३१ सालीं आगामेम्नॉनचें घराणें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमध्यें नेऊन बसविलें, आणि लढाई जिंकून सेनापति परत येईपर्यंत त्याच्या घरांत काय काय सांचलें होतें तें दाखविलें.

आपल्याकडे याचें चांगलें उदाहरण ययातीच्या कथेंत सांपडतें. १९५९ ते १९६६ या सात वर्षांत ही एकच कथा तिघांनीं हातीं घेतली: वि. स. खांडेकरांनीं 'ययाति' कादंबरींत, गिरीश कर्नाड यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कानडी नाटकांत, आणि वि. वा. शिरवाडकरांनीं 'ययाति आणि देवयानी' या नाटकांत. त्यांपैकीं कर्नाडांचें नाटक पाहा. पुरूनें बापाचें वार्धक्य आपल्या अंगावर घेतलें ही पितृभक्तीची परमावधि, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. कर्नाडांनीं महाभारतांत नसलेली एक व्यक्ति त्या राजवाड्यांत आणली: पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा. पतीनें आपलें तारुण्य देऊन टाकलें. पण त्यांत आपलाही वांटा नव्हता काय, असा तिचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ययातीजवळ नाहीं आणि पुरूजवळही नाहीं. अखेर चित्रलेखा प्राण देते. पुरूच्या त्यागाची किंमत पुरूनें एकट्यानें दिली नाहीं, एवढी एकच गोष्ट या नाटकानें जुन्या कथेंत घातली, आणि ती घातल्यावर जुनी कथा पूर्वींसारखी वाचतां येत नाहीं. हें नाटक लिहितांना ज्याँ आनुई या फ्रेंच नाटककाराचा आपल्यावर प्रभाव होता असें कर्नाडांनीं स्वतः सांगितलें आहे. मला ज्या नाटकाविषयीं लिहावयाचें आहे तें या आनुईचेंच.

त्याच्या 'अँटिगनी'चा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९४४ मध्यें पॅरिसमध्यें झाला. मूळ कथा बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल, तरी थोडक्यांत सांगतों. ईडिपसचे दोन मुलगे राज्यासाठीं एकमेकांशीं लढून मेले. मामा क्रेऑन राजा झाला. त्यानें एका भाच्याला सन्मानानें मूठमाती दिली, आणि परकें सैन्य घेऊन नगरावर चालून आलेल्या दुसऱ्याचें प्रेत उघड्यावर गिधाडा-कुत्र्यांना टाकून देण्याची आज्ञा केली. त्याला माती देईल त्याला देहांत शासन. बहीण अँटिगनी हिनें ती आज्ञा मोडून माती दिली, आणि ती मेली. सोफोक्लीसच्या नाटकांत तिच्या पाठीशीं देव उभे आहेत. राजाच्या फर्मानाहून वरचढ असा एक अलिखित कायदा आहे, असें ती निक्षून सांगते. शेवटीं क्रेऑनचा मुलगा मरतो, राणी मरते, आणि क्रेऑनला आपली चूक फार उशीरां कळते.

आनुईनें शेवट बदलला नाहीं. त्यानें पात्रांना आधुनिक पोशाख दिला आणि अँटिगनीच्या पाठीशीं असलेले देव काढून घेतले. त्याचा क्रेऑन जुलमी नाहीं. तो एक थकलेला, कामसू गृहस्थ आहे. कोणीतरी कारभार पाहिला पाहिजे म्हणून तो पाहतो. भाचीला वांचविण्यासाठीं तो तिला घरचें गुपित सांगतो: तुझे दोघेही भाऊ सारखेच नीच होते, आणि प्रेतें इतकीं चिरडलीं होतीं कीं कोणतें कोणाचें हें मलाही ठाऊक नाहीं, त्यांतल्या त्यांत बरें दिसलें त्याला सन्मान दिला. अँटिगनी क्षणभर नमते, आपल्या खोलीकडे परत जावयास निघते. मग क्रेऑन तिच्यापुढें संसाराच्या सुखाचें वर्णन करूं लागतो, आणि तें ऐकून ती उसळून पुन्हा 'नाहीं' म्हणते. सगळीं मेल्यावर क्रेऑन पांच वाजतां मंत्रिमंडळाच्या सभेला जातो, आणि पहारेकरी पत्ते खेळत बसतात.

हें नाटक मीं वर्गांत अनेक वेळां शिकविलें. कल्याण, डोंबिवली, बदलापूर येथून सकाळच्या गर्दींत उभ्यानें येणारीं हीं मुलें. त्यांच्यांत दर वर्षीं दोन तट पडतात, आणि क्रेऑनचा तट दिवसेंदिवस वाढत चालला आहे असें माझें निरीक्षण आहे. घर चालविण्याचा त्रास ज्यांनीं जवळून पाहिला आहे, त्यांना राज्य चालविणाऱ्याचा त्रास कळतो. एके वर्षीं मात्र एका मुलीनें या दोन तटांच्या बाहेरचा प्रश्न विचारला. अँटिगनी मेली म्हणून नाटक तिचें झालें. पण तिची बहीण इस्मेनी जिवंत राहिली, तिचें पुढें काय झालें? मीं सांगितलें कीं, सोफोक्लीस तिला नाटकाच्या मध्यावरच रंगभूमीवरून नेतो आणि पुन्हा आणीत नाहीं. उत्तर बरोबर होतें, पण तें देतांना मला नाटक आठवत नव्हतें. आठवत होते ते माझे वडील.

आमच्या घरांतली ही गोष्ट अशी आहे. माझ्या थोरल्या काकांनीं १९५५ च्या सुमारास जातीबाहेर विवाह केला. आजोबा ठाण्याच्या कचेरींत कारकुनी करून निवृत्त झालेले, कडक आणि निःस्पृह. त्यांनीं मुलाचें नांव घरांत घेऊं दिलें नाहीं. १९६८ च्या पावसाळ्यांत काका कल्याणला अचानक वारले. त्यांना सहा वर्षांची मुलगी होती, मुलगा नव्हता. निरोप आला तेव्हां आजोबा म्हणाले, "आपल्या घरांतलें कोणी गेलेलें नाहीं. कोणी जावयाचें नाहीं, सुतक पाळावयाचें नाहीं." आत्या तेव्हां छत्तीस वर्षांची होती. तिनें लग्न केलें नव्हतें. एका शाळेंत शिकवीत होती. ती दुसऱ्या दिवशीं पहिल्या गाडीनें कल्याणला गेली आणि तिनें भावाला अग्नि दिला. दहाव्याचें कृत्यही तिनेंच दुर्गाडीच्या खालीं खाडीवर केलें. त्यासाठीं मोठ्या मिनतवारीनें एक वृद्ध भिक्षुक तयार झाले. यानंतर ठाण्याच्या घराचें दार तिला बंद झालें. अकरा वर्षें, म्हणजे १९७९ सालीं आजोबा जाईपर्यंत, ती कल्याणला भावजयीबरोबर दोन खोल्यांत राहिली आणि त्या मुलीला तिनें शिकविलें.

माझे वडील भावंडांत धाकटे. त्या दिवशीं ते नेहमींच्या गाडीनें मुंबईस कचेरींत गेले. पुढें आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचें दोन वर्षें सगळें वडिलांनीं आणि आईनें केलें. ही कथा आम्हां मुलांना ऐकूं आली ती आत्याच्या धैर्याची कथा म्हणून. वडिलांना तींत जागा नव्हती. त्यांना कोणी दोष दिला नाहीं, आणि त्यांनींही त्या दिवसाबद्दल कधीं एक अक्षर काढलें नाहीं. २००६ सालीं ते वारले.

आत्या ऐंशी वर्षांची झाली तरी वाचीत असे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांतून तिचीं पुस्तकें आणून देण्याचें काम माझ्याकडे होतें. एकदां तिनें विचारलें, "सध्यां काय शिकवतोस?" मीं अँटिगनीची गोष्ट सांगितली. माझ्या मनांत काय होतें तें तिला कळलें असावें, पण तिनें तसें दाखविलें नाहीं. अंध ज्योतिषी टायरेसियस येऊन क्रेऑनला सांगतो, कीं प्रेताचें मांस खाल्लेल्या पक्ष्यांनीं नगरांतल्या सगळ्या वेदी विटाळल्या आहेत. तो भाग आल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे उलटच झालें बघ. दोन तास पक्षी फिरकेना. मुलीला बघीन असें म्हटलें, तेव्हां कावळा शिवला." मग थोड्या वेळानें तिनें विचारलें, "आणि तिची बहीण? तिनें काय केलें?"

मीं सांगितलें, इस्मेनी आधीं नाहीं म्हणाली. पण अँटिगनी पकडली गेल्यावर ती आपण होऊन पुढें आली, आणि या अपराधांत माझाही वांटा आहे म्हणाली. अँटिगनीनें तिचा वांटा मान्य केला नाहीं. तूं केलेलें नाहींस तें आतां तुझें म्हणूं नकोस, असें तिनें बहिणीला सुनावलें.

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिनें घ्यायला हवा होता. त्या दिवशीं पहांटे तुझा बाबा माझ्या मागोमाग स्टेशनापर्यंत आला होता. पुलावर त्यानें माझ्या हातांत चाळीस रुपये कोंबले. 'लाकडांचे' म्हणाला. मीं घेतले नाहींत. म्हटलें, यायचें असेल तर गाडींत बैस, पैसे नकोत. मी कल्याणच्या फलाटावर उतरलें, तो मुंबईच्या. अरे, मला संध्याकाळीं त्या घरांत परत जायचें नव्हतें. त्याला जायचें होतें."

सोफोक्लीसनें इस्मेनीला त्या प्रवेशांत थोडींच वाक्यें दिलीं आहेत. मीं तीं आजवर बहिणीच्या दुबळेपणाचीं वाक्यें म्हणून शिकवीत होतों असें नाहीं. पण त्या दिवसापासून तीं वाचतांना मला ठाण्याच्या स्टेशनावरचा पूल दिसतो. नवें नाटक जुन्या कथेंत ढवळाढवळ करतें तें कशासाठीं, याचें उत्तर मला येथें मिळतें. कथेंत ज्याला जागा मिळाली नाहीं तो कोणत्या फलाटावर उतरला, हें विचारण्यासाठीं. आनुईच्या क्रेऑननें मला माझे आजोबा दाखविले. ज्या माणसानें नोकरींत कधीं कोणाचा एक पैसा घेतला नाहीं, त्यानें शब्द मोडला असता तर त्याच्याजवळ काय उरलें असतें, हा प्रश्न मी आतां विचारूं शकतों. चित्रलेखेनें मला माझी आई दाखविली. पतीनें वडिलांचा शब्द पाळला आणि त्या वडिलांचें अर्धांगाचें आजारपण तिच्या अंगावर आलें. त्यांतलें कांहींही तिला विचारून ठरलेलें नव्हतें.

पण एवढ्यावर थांबलों तर मी आत्यावर अन्याय करीन. खर्चाचें पान उघडलें म्हणून जमेचें पान खोटें ठरत नाहीं. सर्वांचें दुःख समजून घेतां घेतां सर्वांचें वर्तन सारखेंच होतें असें म्हणण्याचा मोह होतो, आणि आधुनिक नाटकांत हा धोका नेहमीं असतो. आनुईही त्यांतून सुटला असें मला वाटत नाहीं. अँटिगनीचे देव त्यानें काढून घेतले तें एकवेळ चालेल. पण भाऊही काढून घेतला, मेला तो कोण हेंही अनिश्चित केलें, आणि मग तिच्या 'नाहीं'ला नुसत्या हट्टाचें रूप आलें. त्या काळच्या पॅरिसमध्यें कांहींनीं त्यांत प्रतिकाराचा जयजयकार ऐकला, तर कांहींनीं क्रेऑनची तरफदारी पाहिली, याचें कारण हेंच असावें. या बाबतींत मी सोफोक्लीसच्या बाजूचा आहें. त्याच्या अँटिगनीला भाऊ आहे. तो चांगला होता कीं वाईट हें ती विचारीत नाहीं. तो उघड्यावर पडला आहे एवढें तिला पुरतें. माझ्या आत्यालाही तेवढेंच पुरलें होतें. चाळीस रुपये देऊं करणारा भाऊ मला आतां फार जवळचा वाटतो; परंतु अग्नि दिला तो त्यानें नव्हे, आणि कोणीतरी तो देणें अवश्य होतें. जें नवें नाटक या दोन्ही गोष्टी एकदम मनांत धरूं शकेल, त्यानें जुन्या कथेचा अपमान केला असें व्यास आणि सोफोक्लीसही म्हणणार नाहींत.

मध्यंतरांत तक्रार करणाऱ्या गृहस्थांना माझें उत्तर इतकेंच आहे. नाटककार जुन्या कथेंत शिरला तर त्याला दारांत अडवूं नये. तो आंत जाऊन कोणाला बोलावयास लावतो तें पाहावें. वीराला खालीं ओढून तो नुसत्या टाळ्या मिळवीत असेल तर खुशाल रागवावें. पण आजवर ज्याला कोणी कांहीं विचारलेंच नाहीं अशा एखाद्याला तो पुढें आणीत असेल, तर चहा संपवून वेळेवर आपल्या जागेवर जाऊन बसावें. आणि घरीं गेल्यावर, आपल्याही घराण्यांतली जी गोष्ट एकाच माणसाच्या नांवानें सांगितली जाते, तिच्यांत त्या दिवशीं दुसरीं माणसें कोठें होतीं हें घरांतल्या वडील मंडळींना विचारावें. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच तें विचारतां येतें.